तात्यांना सुचवलेला जपानी चित्रपट

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि रविवारी दुपारी एका दंतवैद्यांच्या दवाखान्याच्या माडीवर चित्रपट बोलायचे. चित्रपट जपानचे, कोरियाचे, हाँगकाँगचे नाहीतर इराणचे असायचे. खाली इंग्रजी ओळी यायच्या आणि पटापट जायच्या. जमलेल्यांपैकी निम्म्यांची त्या वाचताना तारांबळ उडायची, म्हणून मी टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि एकेक वाक्य मराठीत सांगायचे. रडणं-ओरडणं पडद्यावरच्या माणसांवर सोडून मी आपली सपाट आवाजात सांगत राहायचे. पहिल्या पाच मिनिटांत लोक हसायचे. मग हळूहळू माझा आवाज विसरून जायचे.

कॅसेटी पुण्याहून यायच्या. एम.ए. करताना मी तिथल्या एका फिल्म क्लबात जात असे, आणि तिथली एक मैत्रीण मला कॉपीची कॉपी काढून पाठवायची. चित्रात पांढरे ठिपके पडायचे, माणसांचे चेहरे कडेने पाझरल्यासारखे दिसायचे. पण पुण्यातली ती दोन वर्षं संपवून परत आल्यावर माझ्या अंगात जी चुळबुळ राहिली होती, तिला या कॅसेटींशिवाय दुसरी वाट नव्हती. घर सणसरला. वडील भवानीनगरच्या कारखान्यात पाळीवर. मी बारामतीत खोली घेऊन राहायचे, आणि शनिवारी एसटीने घरी जाताना शेजारच्या सीटवरच्या बाईलासुद्धा चित्रपट सांगायला लागायचे. आई म्हणायची, "अगं, ती बिचारी बाजाराला चालली हुती. तिला कशाला जपान?"

माडीवरच्या मंडळींना थरारपट हवे असत. फोटो स्टुडिओवाले गृहस्थ तर पहिल्या दहा मिनिटांत विचारायचे, "मॅडम, खून कधी?" मी म्हणायचे, खून नाही. यात कुणी मरत नाही. यात फक्त एक भाडेकरू आहे आणि मालकिणीला वाटतंय की तो रोज थोडा थोडा तिच्या मेलेल्या भावासारखा दिसायला लागलाय. ते तोंड वाकडं करायचे आणि शेवटपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मला ते बघायला फार आवडायचं. भीती तलवारीत नसून चहाच्या कपात असते, हे त्या आशियाई दिग्दर्शकांना कसं कळलं असेल, याचं मला तेव्हा फार अप्रूप होतं. त्यांची घरं आपल्यासारखी होती. दाराशी चपला काढायच्या, म्हाताऱ्यांसमोर आवाज खाली, मनातलं बोलायचं नाही. अमेरिकन थरारपटात माणूस घराबाहेर पळतो. इथे त्याला जेवायला घरीच यावं लागायचं.

कुणाला काय सुचवायचं याचं मी फार मनावर घ्यायचे. दंतवैद्यांच्या बायकोला कोरियातली दोन बहिणींची गोष्ट दिली, तर त्या आठवडाभर आपल्या बहिणीशी फोनवर बोलल्या नाहीत. वालचंदनगरहून येणाऱ्या एका इंजिनीयरला इराणचा चित्रपट दिला, तो झोपला. मी पुढच्या रविवारी त्याला दुसरा दिला. मला राहवायचंच नाही.

तात्या या मंडळात उशिरा आले. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर सणसरच्या अलीकडे, कालव्याच्या बाजूला त्यांनी छोटं घर बांधलं होतं. वडिलांची आणि त्यांची कारखान्यातली ओळख. त्यामुळे ते मला मॅडम न म्हणता ताई म्हणायचे. रविवारी एसटीने यायचे, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे, चित्रपट संपला की चहाला न थांबता निघायचे. एकटेच यायचे. एकदा मी म्हटलं, "काकूंना आणा की एकदा." तर म्हणाले, "तिला न्हाय आवडायचं." आणि विषय बदलला.

एके दिवशी जाताना त्यांनी मला जिन्यात थांबवलं. "ताई, असा एखादा पिच्चर हाय का, ज्यात माणसाचं डोकं गुंतंल? म्हंजे दोन-तीन तास बाकी कायच सुचणार न्हाय असा?"

मी म्हटलं, "आहे ना." माझ्याकडे एक जपानी चित्रपट नुकताच आला होता आणि तो दाखवायला मी आतुर झाले होते.

गोष्ट एका ट्राम चालवणाऱ्याची होती. संध्याकाळी तो घरी येतो. बायको दार उघडते, वाकून नमस्कार करते, बसायला सांगते आणि चहा पुढे करत म्हणते, "माझे यजमान येतीलच इतक्यात." त्याला वाटतं, ती थट्टा करतेय. ती थट्टा करत नाही. तिथून पुढे दोन तास कळत नाही की बाईचं डोकं बिघडलंय की हा माणूस खरोखरच दुसरा कुणी आहे. दिग्दर्शकाने मध्येच अशी एकेक खूण टाकली होती की कधी तिच्या बाजूने वाटावं, कधी त्याच्या.

त्या रविवारी मी रंगात येऊन सांगत होते. स्टुडिओवाले खुनाचं विचारायला विसरले. बायको नवऱ्याचा कोट ब्रशने झाडून खुंटीला लावते आणि नवऱ्यालाच म्हणते, "हा त्यांचा आहे, तुम्ही घालू नका," तिथे माझं लक्ष तात्यांकडे गेलं. ते खुर्चीच्या अगदी कडेला आले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि पडद्याकडे न बघता ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मग वीज गेली.

आमच्याकडे वीज जाणं ही काही बातमी नव्हती. मंडळी आळोखेपिळोखे देत खाली चहाला गेली. तात्या बसून राहिले. खिडकी उघडल्यावर उजेड आला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम दिसला.

"ताई, त्यो नवराच असतो का?"

मी हसले. "शेवट आधी सांगायचा नसतो, तात्या."

"मला सांग. आत्ता सांग."

आवाज असा होता की माझं हसू विरलं. मी विचारलं, काय झालं.

त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. मग म्हणाले, "आमच्या घरात ह्येच चाललंय. गेल्या पावसाळ्यापास्नं. ती मला पाहुणं म्हणती."

त्यांनी सांगितलं ते असं. काकूंना मोठा ताप येऊन गेला होता. तापातून उठल्या, घरकामाला लागल्या, सगळं पहिल्यासारखं. फक्त एक दिवस सकाळी त्यांनी तात्यांसमोर डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "पाहुणं, च्या घेता का? मालक येतीलच." त्या दिवसापासून त्या त्यांना पाहुणे समजत होत्या. जेवायला वाढायच्या, पण पाहुण्यांच्या ताटात. झोपताना आतून कडी लावून घ्यायच्या. बाकी कुणालाही ओळखायच्या. शेजारणींना, बहिणीला, नाशिकहून आलेल्या मुलाला. मुलासमोर तर त्या तात्यांशी बोलल्याच नाहीत, म्हणून मुलालाही काही कळलं नाही आणि तात्यांनी सांगितलं नाही. गावातल्या कुणीतरी बाहेरचं आहे म्हटलं म्हणून एका देवऋष्याकडे नेलं होतं. त्याने काकूंचे केस धरले तेव्हा तात्यांनी त्याचा हात झटकला आणि घरी घेऊन आले. रविवारी काकूंची बहीण त्यांच्याजवळ येऊन बसायची. तेवढा वेळ तात्या इथे येत होते.

"लॅबमधी उभी हयात गेली माझी," ते म्हणाले. "रसात काय हाय, काय न्हाय, बरोबर सांगायचो. आता कवाकवा आरशात बघतो आन् मलाच वाटतं, खरंच मी त्योच हाय का?"

मग त्यांनी पुन्हा विचारलं, शेवटी काय होतं. मी खरं ते सांगितलं. चित्रपट सांगत नाही. शेवटी ती दार उघडते आणि बाहेर कोण आहे ते दिसत नाही.

तात्या उठले. "मग असला पिच्चर करायचा कशाला?" म्हणाले आणि जिना उतरून गेले.

वीज आली, मंडळी वर आली, उरलेला चित्रपट मी बोलून पुरा केला. कसा केला मला माहीत नाही. संपल्यावर वाद सुरू झाला. दंतवैद्य म्हणाले तो नवराच. त्यांच्या बायको म्हणाल्या, शक्य नाही, स्वतःची बायको कधी चुकेल का? स्टुडिओवाले म्हणाले, फोटो काढून बघायचा होता. सगळे हसले. एरवी अशा वादासाठी मी जीव टाकायचे. त्या दिवशी मला तिथे बसवेना. मी कॅसेट काढून घेतली आणि चहा न घेता निघाले.

तो आठवडा वाईट गेला. वर्गात शिकवताना मध्येच थांबायचे. खोलीवर आले की पुन्हा बाहेर पडायचे, कालव्याच्या कडेने उगाच चालत राहायचे. हंगाम चालू होता, उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर, सगळीकडे मळीचा आंबूस वास. मला सारखं वाटायचं, तात्या आता घरी काय करत असतील? शनिवारी सणसरला जायच्या एसटीत बसले आणि सणसरच्या आधीच त्यांच्या घराजवळ उतरले.

काकू अंगणात शेंगा फोडत होत्या. मी कुणाची मुलगी ते सांगितल्याबरोबर त्यांनी ओळखलं, आईची चौकशी केली, मला पाट दिला. अगदी शहाणं बोलणं. तात्या ओसरीवर बसले होते. मला बघून ते उठलेही नाहीत. काकू हळूच माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "तुमी ह्यांच्याबरोबर आलाय का?"

"नाही. तुम्हाला भेटायला आले."

"माणूस चांगला हाय," त्या म्हणाल्या. "कवा वाईट बोलत न्हाय. पण आमच्या मालकाचं कपडं घालतो. म्या काय म्हणत न्हाय. मालक आलं की बघतील."

तात्यांनी हे ऐकलं. त्यांनी मान खाली घालून चपलेचा अंगठा नीट केला.

सोमवारी मी दंतवैद्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे पुण्यातल्या एका मानसोपचार डॉक्टरांना फोन लावला, ते त्यांच्या ओळखीचे होते. वेळ ठरली. पण काकू पुण्याला जाणार कशा? परक्या पुरुषाबरोबर त्या एसटीत बसल्या नसत्या. म्हणून मी रजा टाकली आणि काकूंना म्हटलं, ताप आल्यापासून अशक्तपणा आहे, चला, पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवून येऊ. त्या लगेच तयार झाल्या. आम्ही दोघी पुढच्या सीटवर बसलो. तात्या मागे, अगदी शेवटच्या बाकावर. वाटेत काकूंनी डबा सोडला, मला भाकरी दिली, आणि दुसरी भाकरी माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, "मागं त्या पाहुण्यास्नी दे जा. सकाळपास्नं काय खाल्लेलं न्हाय त्येंनी."

डगमगत्या गाडीत दांड्यांना धरत मी मागे गेले. तात्यांनी भाकरी घेतली आणि खिडकीकडे तोंड केलं.

डॉक्टर मध्यमवयीन होते, घाई न करणारे. काकूंशी बराच वेळ एकटेच बोलले. मग तात्यांना आणि मला आत बोलावलं. म्हणाले, हा आजार आहे, वेड म्हणू नका. त्याचं परदेशी नावही सांगितलं, ते मला तेव्हाच नीट ऐकू आलं नाही. त्यांनी समजावलं ते मात्र लक्षात आहे. डोळे चेहरा बरोबर बघतात, पण बघितल्यावर आतून जो आपलेपणा उमटायला हवा, तो उमटत नाही. मग मन आपल्या परीने अर्थ लावतं: दिसतो तर तसाच, पण तो नव्हे. "तिच्याशी वाद घालू नका," ते तात्यांना म्हणाले. "मीच तुझा नवरा असं पटवायला जाऊ नका. गोळ्या वेळेवर द्या. वेळ लागेल, आणि पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही."

तात्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हंजे तिला माझा राग न्हाय?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "ती तुमचीच वाट बघतेय."

गोळ्या सुरू झाल्या. घ्यायला काकू तयार नसायच्या. पाहुण्याच्या हातून औषध का घ्यायचं? बहीण होती तेव्हा जमायचं, एरवी नाही. मी त्या काळात माडीवर काहीच सुचवलं नाही. दंतवैद्य म्हणाले, काहीतरी हलकं आणा. मी हाँगकाँगचा एक चोरांचा चित्रपट आणला, तो सगळ्यांना आवडला. मी बोलत होते आणि माझं लक्ष दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे जात होतं.

मग एका रविवारी तात्या आले. म्हणाले, घरात बसवत नाही. त्या दिवशी त्यांची परतीची एसटी रद्द झाली. घरी काळजी नको म्हणून त्यांनी खाली दवाखान्यातून फोन लावला. मुलाने अलीकडेच घरी फोन बसवून दिला होता. रविवारी तो बहीणच उचलायची, पण त्या वेळी ती परसात कपडे काढायला गेली होती. मी शेजारीच उभी होते. पलीकडून काकूंचा आवाज मलाही ऐकू आला.

"कोन?"

"मी हाय," तात्या म्हणाले. "गाडी रद्द झाली, उशीर हुईल."

मग काकू एकदम बोलायला लागल्या. "अवो, कुठं हाय तुमी? किती दिस झालं! कवा येताय? हितं एक पाहुणं येऊन राहिलंय, म्या एकटी काय करू?"

तात्या रिसीव्हर धरून हळूहळू दातांच्या पेशंटांच्या बाकावर बसले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. शेवटी ते म्हणाले, "येतोय गं. येतोय. ते पाहुणं चांगलं हाय. त्यांच्या हातनं गोळ्या घेत जा. म्याच त्यांस्नी सांगितलंय."

"व्हय?" काकू म्हणाल्या. "मग आधी सांगायचं न्हाय का?"

दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांनी पुण्याला फोन करून विचारलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं. चेहरा समोर नसला की आवाज दुसऱ्या वाटेने आत जातो. तेव्हापासून तात्या रोज दुपारी सायकलवर सणसरच्या एसटीडी बूथवर जायचे आणि आपल्याच घरी फोन लावायचे. कालवा, ऊस, पोराचं पत्र, सगळं बोलायचे. काकू त्यांना पाहुण्याच्या तक्रारी सांगायच्या. "आज आमटीत मीठ कमी हाय म्हनलं. तुमी कवा म्हनला न्हायसा असं." बूथवाल्याला वाटायचं, म्हातारा कुणा बाईच्या नादाला लागलाय. तात्या मला हे सांगताना पहिल्यांदा हसले. पण काही दिवस ते बूथवरून घरी जायलाच घाबरायचे. नुकतं जिच्याशी बोललो, तिच्यासमोर जाऊन पुन्हा परकं व्हायचं. रस्त्यात सायकल टेकवून बसायचे, असं ते म्हणाले. मला ते ऐकवत नसे. तरी दर रविवारी मी पहिला प्रश्न तोच विचारायचे.

औषध लागू पडायला हिवाळा संपावा लागला. एकदा तात्या बूथवरून परत आले, दारात चपला काढल्या, आणि काकू चुलीजवळून न बघताच म्हणाल्या, "आलासा?" बघितल्यावरही त्यांनी पदर ओढला नाही. तात्यांनी हे मला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं आणि वर येऊन एवढंच म्हणाले, "आज डोकं गुंतवणारा हाय का? का पुन्हा चोरांचा?"

पूर्ण बरं काही झालं नाही. ताप आला किंवा झोप झाली नाही की काकू दोन-तीन दिवस पुन्हा त्यांना पाहुणे म्हणायच्या. तात्या मग मुकाट्याने सायकल काढायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. तात्या बाजारात गेले होते. काकू माझ्यासमोर बसून लसूण सोलत होत्या. त्यांना सगळं आठवत होतं, हे मला माहीत नव्हतं. त्याच म्हणाल्या, "म्या आजारी हुते म्हणत्यात. असंल. पण त्या पाहुण्याचं मला वाईट वाटायचं गं. किती निमूट बसायचं. म्या त्यास्नी कवा नीट बोललेच न्हाय. आता मालक हायती, म्हंजे त्येच हुते, हे डोक्यात बसतंय. पण कवाकवा वाटतं, ते कुठं गेलं असतील? जेवत असतील का नीट?"

बाहेर सायकलची घंटी वाजली. काकूंनी लसणाची टरफलं गोळा केली, हात पुसले आणि मालकांचं आणि माझ्यासाठी पाहुण्यांचं, अशी दोन ताटं घ्यायला उठल्या.